अंगणात पुरलेली पिशवी

रनाळ्यात मूल जन्मलं की नाळेसोबत पडलेली वार पुरायला दगूबाईला बोलावतात. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, तरी काही घरं वार मागून आणतात. दगूबाई अंगणाच्या कोपऱ्यात खोल खड्डा करते, हळदकुंकू वाहते, वर दगड ठेवते. अंगाचा तुकडा आपल्याच मातीत जावा, एवढंच तिचं म्हणणं.

मी तिची शेजारीण. ती माझ्या आईहून मोठी, तरी आमची मैत्री.

"एम. ए. व्हयनी, आते लगीन कव्हय?" ती विचारायची.

"तूच दख ना एखादा."

"मन्हा म्हतारा लई जा," म्हणत आपला नवरा मला देऊ करायची आणि हसायची.

तिची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला पुन्हा रक्त जाऊ लागलं. उन्हाळाभर तिने ते लपवलं. मग सोनोग्राफी झाली आणि नंदुरबारच्या एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशन. गर्भपिशवी काढली. नर्सने ती औषधाच्या पाण्यात, बरणीत घालून तिच्या नवऱ्याच्या, भिलाआबांच्या हाती दिली. लॅबमध्ये नेऊन द्या, म्हणाली.

दगूबाईने खाटेवरूनच सांगितलं, "पोरेसनी वार जठे शे, तठेच गाड."

रोग तर निघून गेला, आता तपासायचं काय, असं आबांना वाटलं. ते बरणी घेऊन घरी आले. खड्डा खोल केला. दगडही ठेवला.

टाके काढायच्या दिवशी मी सोबत होते. डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला. आबांनी थैलीतून धुतलेली बरणी काढून टेबलावर ठेवली.

"तुमनी बरणी, साहेब."

सगळं ऐकून डॉक्टरांनी बरणी बाजूला सरकवली. मग सावकाश बोलले. पिशवीत गाठ दिसली होती. कॅन्सरचा संशय होता. खरंच होता का, कोणत्या जातीचा, भिंतीत किती खोल शिरलेला, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळलं असतं. पुढचं सगळं त्यावर ठरतं. नुसतं लक्ष ठेवायचं, की किरणांचा शेक द्यायचा.

"उकरीसन लयू का?" आबा उठलेच.

"आता मातीत तपासण्यासारखं काही उरलं नसेल, आबा."

धुळ्याला स्कॅन केला. गाठ दिसत नाही. म्हणजे रोग नाही, असं मात्र तिथे कुणी म्हणत नाही. शेक द्यावा तर कदाचित उगाच. न द्यावा तर कदाचित उशीर. तीन महिन्यांनी परत या, म्हणाले.

आबा आता त्या कोपऱ्याकडे पाठ करून जेवतात. दगूबाई त्यांना त्यावरून एका शब्दानेही बोललेली नाही.

काल भांडी घासताना तिने मला विचारलं, "काजल, तू इतली बुकं वाची. मन्हा पोटमा काय व्हतं, सांग ना."

मी तिच्याजवळ बसले. एक ताट विसळलं. मग दुसरं.

"सांग ना," ती म्हणाली. "व्हतं का नव्हतं?"