पाणक्याचे तीन खड्डे

विहिरीचा दोर सोडला की तो आधी दोन्ही तळहात कमरेला पुसायचा आणि मग न्हाणीघरातून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत बसायचा. घरचं माणूस न सांगता बाहेर निघालं की आपण बघतो ना, तसा. काय बघतोस रे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"पाणी दमूक नाय. दमलंय मी."

पाणी अजून दमलेलं नाही, म्हणजे त्याच्याकडून आणखी एक काम करून घेता येईल, असं त्याचं म्हणणं. ज्याने प्रत्येक कळशी हाताने ओढून काढली, त्यालाच हे सुचणार. आपण नुसते ओतून देणारे.

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. मालवणात मास्तरीण व्हायला शिकणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह होतं. मी तिथे जेवण करायची, आमचे हे फाटकावर, आणि तो पाणक्या. विहीर समुद्राजवळची. तुम्ही त्या बाजूचे असाल तर सांगायला नको. पावसात हात घालून पाणी घ्यावं आणि होळी झाली की तेच तळाला जाऊन मचूळ व्हावं. मग परसातले वाफे बंद. पाऊस येईपर्यंत मुलींच्या पानात आमटी आणि बटाटा, बटाटा आणि आमटी.

एका थंडीत त्याने न्हाणीघरामागे तीन खड्डे खणले. पहिल्यात साबणाचा फेस आणि केस अडायचे. दुसऱ्यात जांभ्या दगडाचे तुकडे, कोळसा, वाळू, आणि कडेने कर्दळ. तिसरा म्हणजे सिमेंटचा गिलावा केलेला हौद. तिथवर येईतो पाण्याचा वास जाई, तळ दिसे. तिथून झारी भरून तो वाफ्यांना घाली. फेस जास्त आला की न्हाणीघराकडे तोंड करून ओरडे, "गो, आंग धुतास काय पाप धुतास?" आतून चेडवां, म्हणजे आमच्या मुली, खिदळत.

मी मात्र नाक मुरडलं. असल्या पाण्यावरची भाजी माझ्या टोपात शिजायची नाही, तोंडावर सांगितलं.

"न्हाणीमागचा अळू खातंस मा घराकडे?" तो म्हणाला.

"ता माझ्या माणसांच्या पाण्यावरचा. ह्या गावभरच्या चेडवांचा."

"म्हणजे वैनी, तुझा पाणी सोवळा," म्हणाला आणि झारी घेऊन चालता झाला.

रेक्टरबाईंनाही शंका होतीच. पाणी स्वच्छ झालं कशावरून? बाईंसमोर तो शुद्ध बोलायचा. म्हणाला, "बाई, हौदात पाच मासे सोडतो. महिनाभर जगले तर भाजी मुलींना द्या. मेले तर खड्डे मी स्वतः बुजवतो." व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले, पाच खवळे आणून सोडले. रोज सकाळी चार शितं घालून मोजायचा. एकाची शेपटी अर्धी तुटलेली, त्याला दोन शितं जास्त.

महिना भरला. सोमवारी संस्थेतले एक गृहस्थ येऊन बघणार आणि भाजी स्वयंपाकघरात घ्यायची की खड्डे मोडायचे ते सांगणार, असं ठरलं.

सोमवारी सकाळी हौदात एकही मासा नाही.

तो काठावर उकिडवा बसला. मग म्हणाला, "मेले असतले. वर इले नि कावळ्यानी व्हेले." आणि उठून फावडं घेतलं. आता तुम्हीच सांगा, आपण असतो तर काय केलं असतं? व्हाळ काही लांब नव्हता. पाहुणे यायच्या आत दुसरे पाच आणून सोडले असते आणि तोंड मिटून उभे राहिलो असतो. त्याने पहिल्या खड्ड्यात माती लोटायला सुरुवातही केली. रेक्टरबाई थांब म्हणत होत्या, तो थांबेना.

"चेडवांच्या पोटात जातला ता," म्हणाला. "माका बरा वाटता म्हणान चलात?"

आणि मला एकदम आठवलं. आदल्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी पाच मासे आणले होते. व्हाळात गावले म्हणाले. चार दिवस बाजारात धड मासळी नव्हती, मी कशाला विचारते? साफ करताना एकाची शेपटी अर्धीच होती. फाटकाकडे बघितलं. आमचे हे आकाशात काहीतरी शोधत होते.

दोघांची नोकरी एकाच दारात. तरी मी बोलले. "फावडा ठेव. मासे मरूक नाय. काल आमी खाल्ले."

रेक्टरबाईंनी मला नखशिखांत पाहिलं. "मग? त्रास काही?"

"नाही बाई. मीठ जरा जास्त झालं होतं."

तो आता शिव्या घालणार म्हणून मी मान खाली घातली. त्याने फावडं टेकून ठेवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "चवीक कशे हुते गो?"

"गोडे," मी म्हटलं.

पाहुणे आले तेव्हा रेक्टरबाईंनी त्यांना आधी हौद दाखवला आणि मग मला दाखवलं. दुपारी मी लाल माठ चिरला, वरून खोबरं घातलं आणि पहिलं ताट माझंच वाढून घेतलं. तो दाराला टेकून बघत होता. मी सगळं संपवलं, पण तोंड वर करून त्याच्याकडे बघायला मला जड गेलं. त्या उन्हाळ्यापासून मुलींच्या पानात हिरवं-तांबडं काही ना काही असायचंच.

दरवर्षी पाऊस लागला की तो कट्टा गावापलीकडे आपल्या घरी लावणीला जायचा आणि दसऱ्याला परत यायचा. एका वर्षी आलाच नाही. श्रावणातच भाच्याने निरोप आणला, तापाने गेला. आम्ही हळहळलो, बाईंनी प्रार्थनेत दोन शब्द सांगितले. पण बाहेर पाऊस धो धो पडत होता, वाफे हिरवेगार होते, कुठे काही कमी झाल्यासारखं दिसतच नव्हतं. पाऊस ओसरल्यावर मुलींनीच माठाचं बी टाकलं. जमिनीत ओल होती, ते उगवलंही.

मग तुळशीचं लग्न झालं आणि चार दिवसांनी सकाळी मी परसात गेले. न्हाणीघरात मुली बोलत होत्या, पाणी खळखळत येत होतं. हौद काठोकाठ भरलेला, तळ दिसत होता, कडेला झारी कोरडीच. आणि दोन पावलांवर सगळा माठ माना टाकून पडला होता.