वृंदाचं वेअरहाऊस

“हो ना, सगळं आता वेअरहाऊसमध्ये हलवलंय. सोमवारपासून मीही तिथूनच काम करणार. मधल्या माणसाची गरजच उरली नाही, त्यामुळे…”

आणि नेमकी माझ्या कुकरची शिट्टी झाली.

त्या शिट्टीनं माझी जी शोभा केली ती ऐकल्याशिवाय आज तुम्हाला चहा मिळायचा नाही. बसा.

शिट्टी थांबेपर्यंत समोरची वृंदा फोन ठेवून आत गेली होती. मी कान लावून ऐकत होते असं समजू नका हं. तळमजल्यावर आमची दारं समोरासमोर. दार उघडं होतं, त्याला मी काय करणार? मीच उघडलं होतं, ते सोडा.

वृंदा युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात, विद्यार्थी विभागात. नवरा फिरतीवर. घरी सासरे, अप्पा. त्यांना मागे अर्धांगाचा झटका येऊन गेला. आता कुठे काठी टेकत हेब्बाळच्या तळ्यापर्यंत जायला लागलेत. पायऱ्या चढायच्या नाहीत, रस्ता सपाट, म्हणून जमतं. घर मात्र भाड्याचं. हेब्बाळात तळमजल्याचं घर सुटलं तर परत मिळेल का, तुम्हीच सांगा.

वृंदा रोज दिवेलागण उलटल्यावर घरी यायची. का, तर साहेबांनी विचारायचं, अमुक मुलं किती, तमुक मुली किती. हिनं कॉम्प्युटरवाल्यांना लिहायचं. त्यांनी चार दिवसांनी आकडे द्यायचे, तेही भलत्याच वर्षाचे. की पुन्हा विनवण्या. तोवर अप्पांना कोण बघणार? मीच.

म्हणजे साहेब आणि कॉम्प्युटरवाले यांच्या मधलं माणूस कोण? वृंदाच ना? आणि तिचीच गरज उरली नाही. म्हणून बिचारीला गोदामात टाकलं. मी डाळ घोटता घोटता सगळा हिशेब जुळवला.

आमच्या ह्यांची उभी हयात शहरातल्या कारखान्यांत गेली. त्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “हेब्बाळला कुठलं आलंय वेअरहाऊस? असेल बोम्मसंद्राकडे.”

बोम्मसंद्रा! म्हणजे शहराचं दुसरं टोक. रोज जाऊन येऊन करायचं तर माणूस बसमध्येच म्हातारं व्हायचं. म्हणजे बिऱ्हाड हलणार. अप्पा जाणार.

तरी मी खात्री करून घेतली बरं का. सोमवारी सकाळी वृंदा दारात चपला घालत होती, तेव्हा हळूच विचारलं, “कसं आहे गं ते वेअरहाऊस?”

“मस्त आहे हो काकू. सगळं उघडं. हवं ते आपलं आपण काढून घ्यायचं.”

“आणि घाण?”

“होती की खूप. अजून साफसफाई चाललीय.”

काय हा पोरीचा सोशिकपणा! मी घरात जाऊन उंदराचा पिंजरा आणला आणि तिच्या पिशवीत कोंबायला लागले. “राहू दे, उपयोगी पडेल.” तिला वाटलं मी थट्टा करतेय. पिंजरा परत माझ्या हातात देऊन हसत हसत गेली. मला वाटलं, दुःख लपवतेय.

मग शहाळेवाल्यापाशी घरमालक रामण्णा भेटले. ते कन्नडात बोलतात, तुम्हाला मी आपली मराठीत सांगते. त्यांना मी एवढंच म्हटलं की, वृंदाची बोम्मसंद्राच्या गोदामात बदली झालीय, घर सोडतील, पण नोटिशीबिटिशीचा त्रास देऊ नका. स्वल्प सांभाळून घ्या.

“हौदा अक्का? सरी, सरी,” म्हणाले. म्हणजे, हो का ताई, बरं बरं.

माणूस किती समजूतदार, म्हणत मी घरी आले. दोन दिवसांनी दुपार कलताना समजूतदार माणूस एक जोडपं घेऊन हजर. त्यांची आई गुडघ्यांनी आजारी, तळमजलाच हवा होता. मीच त्यांना घर दाखवायला गेले. मोरीचा नळ जरा दाबून बंद करावा लागतो, हे रामण्णांना कुठलं ठाऊक? जोडपं टेप लावून खोली मोजायला लागलं. अप्पांना वाटलं पडदेवाले आलेत. म्हणाले, “चुण्या जरा जास्त ठेवा.”

तेवढ्यात वृंदा आली. लख्ख उजेडात, पाच वाजता! दारातच थबकली. रामण्णांनी तिची समजूत घातली, बोम्मसंद्राच्या गोदामात बदली झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

अप्पांनी काठी चाचपली. “वृंदा, आपण जातोय का इथून?”

तो आवाज ऐकून माझा जीव अर्धा झाला. वृंदा पांढरीफटक. “तुम्हाला हे सांगितलं कुणी?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नळ दाबून बघितला.

मग उलगडा झाला. वेअरहाऊस म्हणजे गोदामच, पण माहितीचं. सगळ्या विभागांची माहिती कॉम्प्युटरात एका जागी ठेवलेली. आता वृंदा स्वतःच बघते, कुणाच्या विनवण्या नाहीत. घाण म्हणजे चुकलेली नावं आणि पत्ते.

“आजच बघितलं काकू, पहिल्या वर्षाच्या काही मुलींची शिष्यवृत्ती बँकेचा नंबर चुकल्यानं अडकली होती. सगळ्यांना फोन केले. एक जण तर कॉलेज सोडून गावी निघाली होती. पूर्वी हे मुदत संपल्यावर कळायचं.”

मी विचारलं, मग त्यात सगळ्यांचं सगळं दिसतं का गं? तर म्हणे, छे, ज्याच्या कामाचं असेल तेवढंच त्याला दिसतं. माझा जरा हिरमोडच झाला.

रामण्णांनी त्या जोडप्याला मागच्या गल्लीतलं आपलं दुसरं घर दाखवायला नेलं. वृंदा आता उजेडी घरी येते आणि अप्पांना तळ्यावर स्वतः नेते. रामण्णांना काही विचारायचं असलं, की आता मला गाठत नाहीत, थेट तिलाच फोन लावतात. दूधवाला, इस्त्रीवाला, सगळेच आता परस्पर ज्याचं त्याला विचारतात.

तेव्हा गोदामाची बातमी खोटी निघाली, पण मधल्या माणसाची खरी होती. फक्त ते माणूस समोरच्या घरात राहत नव्हतं, या घरात राहत होतं.