नकाशातला नाला

मी शिकलो ते कदम गुरुजींमुळे. "ओढ्याचं पाणी कुठं जातं रे?" असं विचारत ते आम्हाला सिंदफणा, गोदावरी करत समुद्रापर्यंत नेत.

आज गुडगावातल्या एका सोसायटीच्या तुंबलेल्या तळघराचा कुबट वास आला आणि ती बांधणाऱ्या बिल्डरचं ऑफिस आठवलं. तिथं मी नकाशे काढायचो. नकाशातल्या कोरड्या नाल्यावर बोट ठेवून साहेब हसले होते, "अरे यार, इसमें पानी कहाँ है? मिटा दो, वरना घर जाओ." त्या टायवाल्या अडाण्याला तेव्हा मी घाबरलो होतो. आता त्याची कीवही येत नाही.

साहेबांनी दम दिला त्याच संध्याकाळी मी गुरुजींना लिहिलं होतं, "इथला नालाही यमुना, गंगा करत आपल्याच समुद्राला मिळतो. मी तो पुसला नाही, गुरुजी. नवी नोकरी शोधतोय."