मुद्देमाल खोलीतल्या दोन बॅटऱ्या

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी कोणी जुन्या केसेसबद्दल विचारले की मला आधी तेच आठवते.

एकोणीसशे पन्नासचे दशक सरत आले होते. मी बंगळूरच्या एका ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या हद्दीतल्या तलावाकाठी नौकाविहाराचा एक क्लब होता. क्लबाच्या दोन मोटरबोटी, प्रत्येकीला दोन बॅटऱ्या. पावसाळ्यात बोटी पत्र्याच्या शेडमध्ये चढवून ठेवत. शेड तलावाच्या सरकारी जागेत असल्याने तिथे विजेची जोडणी मिळत नव्हती. बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते आणि उतरलेलीच ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरून कायमची जाते. हे मी या प्रकरणात शिकलो.

पावसाळा संपता संपता क्लबाचे सेक्रेटरी ठाण्यावर आले. निवृत्त इंजिनिअर, बोलणे तोलूनमापून. शेडमधल्या दोन बॅटऱ्या गायब आहेत, उरलेल्या दोन मेलेल्या आहेत आणि किल्ली फक्त नावाड्याकडे असते, अशी त्यांची फिर्याद. नावाडी बेळगावकडचा, चाळिशीचा. त्याच्याकडे आधी कधी कोणी बोट दाखवले नव्हते.

खबर मिळाली ती ठाण्यासमोरच्या चहावाल्याकडून. कप पुढे करत तो म्हणाला, "सार, नावाडी राहतो त्या वठारात वीज आहे काय?"

वठार म्हणजे आपल्याकडची बैठी चाळच. तिथे वीज नव्हती.

"मग त्याच्या घरात संध्याकाळी दिवा हेगे, कसा लागतो? रॉकेलचा नाही सार, पांढरा. बायका जमतात. स्वल्प बघून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन गेलो. बॅटऱ्या देवाच्या कोनाड्याखाली फळीवर होत्या, पुसून लख्ख, टोकांना वंगण लावलेले. वर मोटारीचा एक लहान बल्ब टांगलेला. त्याच्या उजेडात नावाड्याची बायको आणि शेजारणी अगरबत्त्या वळत असत. पंचनामा चालू असताना ती बाई बल्ब काढून माझ्यापुढे धरून म्हणाली, "ह्यो बी न्या की सायेब. आता अंधारात त्याचं तोंड बगत बसू का?"

चोर माल लपवतो. याने तर शेजाऱ्यांना बोलावून उजेड वाटला होता. ही गोष्ट मला तिथेच खटकली.

ठाण्यावर आमच्या हवालदाराने त्याला डिवचले, "दोन चोरल्या, दोन मारल्या. हिशेब बरोबर!"

"मारल्या न्हाईत वो. मेल्या," नावाडी म्हणाला. "चार बैलांस्नी माजा चारा कुटला पुरतोय? दोन जगविली."

"कसला चारा?" मी विचारले.

मग तो बोलू लागला. आदल्या वर्षापर्यंत क्लब टांग्याने बॅटऱ्या चार्जिंगच्या दुकानात पाठवत असे. यंदा कमिटीने पावसाळ्यापुरता तो खर्च बंद केला. "सेक्रेटरी सायेब म्हनले, पावसाळाभर सांबाळ, कसं ते तू बघ. मी बगितलं." तो सायकलच्या कॅरियरवर बांधून पाळीपाळीने बॅटऱ्या दुकानात नेत होता आणि पैसे पदरचे देत होता.

"आणि दिवा?"

"सायेब, आमच्याकडं दुसऱ्याचा बैल खायला घालून सांबाळला, तर त्याच्याकडनं चार तास औत ओढून घेत्यात. त्याला कोन चोरी म्हनतंय? दावणीलाच बांदून ठेवला तर पाय आकडत्यात त्याचं."

"क्लबाला विचारलंस का?"

"चारा घालताना कोन इचारलं मला?"

मी चार्जिंगवाल्याला ठाण्यावर बोलावले. तो नावाड्याला बघताच म्हणाला, "अण्णा, तू इथे?" दर खेपेला नावाडीच येतो आणि रोख देतो, हे त्याने जबाबात सांगितले. "बल्बाला वापरू नको म्हणून मी बजावलं होतं, सार. इंजिन चालू करायची बॅटरी ती, दिव्याची नव्हे. पण उपाशी ठेवण्यापेक्षा बरं." पंचांसमोर त्याने काचेच्या नळीने आतले आम्ल ओढून तपासले. दोन्ही बॅटऱ्या उत्तम होत्या. त्यानंतर मी त्या सील करून मुद्देमाल खोलीत ठेवल्या.

सेक्रेटरींना पुन्हा बोलावले. 'तू बघ' म्हटल्याचे त्यांनी नाकारले नाही. "पण सांभाळ म्हणजे घरी ने, असं नव्हतं."

"शेडमध्ये वीज नाही, खर्च बंद. तो कसा सांभाळेल असं आपल्याला वाटलं होतं?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बॅटऱ्या चांगल्या स्थितीत परत मिळाल्या तर त्याला कामावर ठेवू. कमिटीला मी सांगतो."

नावाड्याची नोकरी आता त्या दोन बॅटऱ्यांवर ठरणार होती आणि बॅटऱ्या माझ्या कुलपात होत्या. तो जामिनावर सुटला. दर आठवड्याला ठाण्यावर येई, मुद्देमाल खोलीच्या दाराशी उभा राही. "सायेब, एकडाव चार्जिंगला न्या हो. उपाशी हाईत त्या. पैसं मी देतो."

सील तोडायला न्यायालयाचा हुकूम लागतो. मी अर्ज केला. त्यावर शेरा आला: चार्ज केल्याने पुराव्याच्या स्थितीत बदल होतो, कोणत्या नियमाखाली परवानगी मागता? मी उत्तर पाठवले. तारीख पडली, पुन्हा पडली. जप्त केलेल्या बैलाच्या चाऱ्याचा खर्च सरकार मंजूर करते, कारण बैल मरतो हे नियम लिहिणाऱ्याला माहीत होते. बॅटरीही मरते, हे कोणी लिहून ठेवले नव्हते.

उन्हाळ्यात निकाल लागला. अप्रामाणिक हेतू दिसत नाही, आरोपी निर्दोष. माल परत करण्याचा हुकूमही त्याच दिवशी झाला. आम्ही थेट दुकान गाठले. चार्जिंगवाल्याने दोन दिवस प्रयत्न केला आणि मान हलवली. "चढत नाही, सार. पट्ट्या पांढऱ्या पडल्या."

सेक्रेटरींनी दोन्ही बॅटऱ्या ताब्यात घेतल्या, पावतीवर सही केली. मी म्हणालो, "या आमच्याकडे असताना गेल्या. त्याच्याकडे होत्या तोवर चांगल्या होत्या. पंचनाम्यात आहे."

"आहे ना," ते म्हणाले. "पण कमिटीला मी चांगल्या बॅटऱ्यांचा शब्द दिला होता." माणूस खोटा नव्हता. दिलेल्या शब्दाच्या एक पाऊलही पुढे जाणारा नव्हता, इतकेच.

पुढे मी प्रत्येक पंचनाम्यात एक ओळ जास्तीची लिहू लागलो: ही वस्तू टिकण्यासाठी काय लागते. वरिष्ठ हसत. दुधाच्या विरजणापासून छापखान्याच्या शाईपर्यंत ती ओळ उपयोगी पडली. नावाड्याच्या वेळी मात्र ती नव्हती. निर्दोष ठरवणे आणि नुकसान भरून देणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि ठाणे व न्यायालय मिळून त्यातले पहिलेच करतात, हे मी त्या उन्हाळ्यात शिकलो.

नोकरी गेलेला नावाडी गावी परत जाण्याआधी भेटायला आला. दुसऱ्या एका तलावावर माझी ओळख होती. चिठ्ठी देतो म्हणालो.

"नको सायेब," तो म्हणाला. "तितं बी कोनतरी म्हनंल, सांबाळ, कसं ते तू बघ. आनि मी बगनार. सवय मोडत न्हाई माजी."

त्याने हात जोडले. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ठाण्यातल्या सगळ्यांनी वळून पाहिले.