ताणावरचं जंगल

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, वरूडच्या मित्रांना नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या दादाला तर नाहीच. ज्या दिवशी गाव सोडलं, त्या दिवशी माझ्या नव्या बुटांना चिखल लागला होता, आणि तो कुठला हे मी खोटं सांगितलं.

वरूडचा बसस्टँड, जानेवारीतली दुपार. अमरावतीची गाडी लागलेली. तिथून बडनेरा, आणि बडनेऱ्याहून मुंबई. मी तेवीस वर्षांचा, खिशात नोकरीचं पत्र. आईनं पिशवीत शेवटच्या तोड्यातली संत्री भरून दिली होती. बाबा म्हणाले, "पोचल्यावर कार्ड टाकजो," आणि दुसरीकडे पाहू लागले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानं माझी बॅग टपावर चढवली, खाली उतरला आणि त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"हा चिखल कुठचा बे?"

"गव्हात गेलो होतो."

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, तिथंच स्टँडवर उकिडवा बसला आणि माझे दोन्ही बूट पुसले. "मुंबईचे साहेब हासतीन तुले," म्हणाला. गाडी सुटली. तो दुपट्टा झटकत उभा होता, आणि मी खिडकीची काच लावून घेतली.

चिखल गव्हाचा नव्हता, बागेचा होता. आणि जानेवारीत आमच्या बागेत चिखल असणं म्हणजे काय, हे संत्र्याच्या मुलखातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. संत्र्याला फूल यायला हवं असेल तर त्याचं पाणी तोडावं लागतं. डिसेंबरात बाग ताणावर सोडतात. काळ्या जमिनीला भेगा पडतात, पानं मलूल होतात, बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण महिनाभर थेंब द्यायचा नाही. मग योग्य दिवशी पाणी सोडलं की झाड फुलानं पांढरं होतं. मध्येच कुणी पाणी दिलं तर झाडाला वाटतं, चला, दिवस बरे आले. ते नुसतं पालवीवर जातं. फूल नाही. वर्ष गेलं.

आमच्या विहिरीवरून एकच पाइप यायचा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्याला दोन कॉक होते, एक गव्हाकडे आणि एक बागेकडे. पाण्याचं सगळं दादाकडे. बागेचा कॉक त्यानं डिसेंबरात स्वतःच्या हातानं बंद केलेला. त्या सकाळी मात्र गव्हाला पाणी द्यायचं काम मी मागून घेतलं होतं, शेवटचा दिवस म्हणून. लाईन, म्हणजे वीज, आल्यावर मोटर सुरू केली. झाडाच्या सावलीत डोकं धुवावं म्हणून बागेचा कॉक जरासा उघडला. तेवढ्यात मित्र मोटरसायकलवर आला, "चाल, बॅग घेऊन येऊ वरूडातून." नवीन बॅग, नवीन बूट. मी मागं बसलो आणि गेलो.

परत आलो तेव्हा खालच्या आठ ओळींत पाणी उभं होतं. महिनाभराच्या भेगा मिटून गेल्या होत्या. मी तसाच बुटांनिशी आत धावलो, कॉक बंद केला, मोटर बंद केली. आणि घरी जाऊन जेवायला बसलो.

मला गाडीत बसवून दिल्यावर दादा शेतात गेला, अंधार पडता पडता, बागेत न शिरता, त्यानं गव्हाला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी ओली बाग पाहिली. मोटर शेवटी कुणी चालवली होती? दादानं. मग विचारायचं काय राहिलं?

हे मला महिन्याभरानं कळलं. मी अंधेरीच्या एका एसटीडी बूथमध्ये उभा होतो आणि आई पलीकडून सांगत होती की वरची बाग पांढरीशुभ्र झाली आहे आणि खालच्या ओळींत फूलच नाही. बाबा चार लोकांत दादाला म्हणाले होते, "ज्याले पानी सांभायता येत नाही, त्यानं बाग सांभायू नये." मोटरच्या खोलीची किल्ली त्यांनी दादाकडून मागून घेतली आणि आपल्या करदोड्याला बांधली. मी "हं" म्हणालो. बूथच्या बाहेर तीन माणसं खोळंबली होती. त्यांच्यासाठी फोन ठेवला, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

त्या उन्हाळ्यात दादानं घर सोडलं. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात लागला. अमरावतीत भाड्याच्या दोन खोल्या, अकोल्याची नवी नवरी, शिफ्टची नोकरी. गाव सोडून गेलेला म्हणून सगळे माझं नाव घेतात. खरं तर आमच्या घरातून दोघं गेले. मी स्वतःच्या इच्छेनं गेलो, दादाला मी घालवलं.

इथं मी बोरिवलीला स्थिरावलो. फ्लॅट, लिफ्ट, ईएमआय, सोसायटीची मीटिंग. बाल्कनीतून नॅशनल पार्क दिसतं. पावसाळ्यात हिरवंगार, उन्हाळ्यात तपकिरी. बायको मुलांना घेऊन कितीदा तरी जाऊन आली. मी वीस वर्षांत आत पाऊल टाकलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचो, "आमच्याकडे मेळघाट आहे, ह्यात काय पाहायचं?" झाडांच्या ओळीत उभं राहणं मला नको वाटायचं.

गेल्या फेब्रुवारीत दादा पहिल्यांदा माझ्याकडे चार दिवस राहायला आला. सत्तावन्न पूर्ण, पुढल्या वर्षी रिटायर होणार. बाल्कनीत चहा पिताना त्यानं समोर बोट केलं, "ते कोनाचं रान हाय?" मी सांगितलं. "मंग बसला काहून? चाल."

गेटवर तिकीट काढताना बिबट्याचा बोर्ड वाचून तो म्हणाला, "बिबट आमच्या अमरावतीजवळ पोहऱ्याच्या जंगलातबी हाय. तो त घरी येऊन दर्शन देते, फुकट." रांगेतल्या दोघी बायका हसल्या. कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जाणारी बस उभी होती. दादानं तिच्याकडे पाहिलंही नाही.

पहिल्या वळणापर्यंत हायवेचा आवाज मागं होता. दुसऱ्या वळणावर तो नव्हता. कमी झाला नाही, नव्हताच. इतक्या वर्षांत मी ह्या शहरात शांतता ऐकली नव्हती, आणि ती माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होती. दोन्ही बाजूंना साग, पानं गळून उघडा पडलेला. त्याखाली वाळक्या पानांचा गुडघाभर थर. त्यातून काहीतरी चाललं की अख्खं रान कुरकुरायचं. एक चितळ रस्त्यावर आलं, आमच्याकडे पाहिलं आणि घाई न करता पलीकडे गेलं. दादानं नकळत हात जोडले, मग माझ्याकडे बघून खाली घेतले.

आणि मग काटेसावर दिसली. चार मजली इमारतीएवढी, अंगावर एक पान नाही, आणि शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत लाल. पक्ष्यांची नुसती झुंबड उडाली होती. खाली रस्त्यावर जाड, मांसल फुलं पडलेली. पाय ठेवायला जीव होईना. दादा मान वर करून उभा राहिला. बराच वेळ. मीही राहिलो. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

"सुध्या," तो हळूच म्हणाला, "हे जंगल तानावर हाय बे."

"अख्खं. एवढं मोठं. पावसायापासून याले कोनं थेंब देल्ला नाही. आन कसं बरोब्बर फुललं पाह्य. कोन कॉक बंद करते याचा? कोन खोलते?" त्यानं एक फूल उचललं, तळहातावर तोललं. "इथं कोनाची चूकच होत नाही."

तिथून लेण्यांपर्यंत ते फूल त्यानं हातातून सोडलं नाही. पायऱ्या चढून वर आलो आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी पाहून मात्र लहान मुलासारखा झाला. डोंगरउतारावर कातळात बारीक पाट कोरलेले, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून टाक्यात. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं पावसाला वाट करून दिली, आणि फेब्रुवारीत टाक्यात अजून पाणी होतं. थंड, काळंभोर, वर आभाळाचा तुकडा. दादानं पाटात बोट घालून त्याचा उतार तपासला. "हातभर लांबीवर बोटभर उतार. याहून चांगला मलेबी नसता जमला." खाली चहूकडे रान पसरलेलं, मधूनमधून लाल ठिपके, आणि पार टोकाला, धुरकट, आमच्या इमारती. इतक्या लहान की माझं घर त्यातलं कुठलं हे मला सांगता येईना.

टाक्याच्या काठावर बसून दादा म्हणाला, "तुही वयनी म्हन्ते, रिटायर झाल्यावर गावी चाला. बाग बटईनं, अर्ध्या हिश्श्यानं देल्ली हाय, आपन पाहू. मी म्हन्तो, कोन्या तोंडानं? बाबाले किल्ली कशी मांगू?" मग थोडं थांबून, "मी बागेकडचा कॉक खोललाच नव्हता सुध्या, त्या दिवशी. पन आता मलेच भरवसा नाही. खोलला असन. रोज झोपायच्या आधी घरातले सगळे नळ पाहून येतो. तुही वयनी हासते."

टाक्यातलं पाणी हलत नव्हतं. मी म्हणालो, "दादा, तो कॉक मी उघडला होता. सकाळी. वरूडला गेलो आणि विसरलो."

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. तिथं आता स्पोर्ट्स शूज होते, लाल धुळीनं भरलेले.

"तो चिखल," तो म्हणाला. "मी पुसला होता."

"हो."

मग त्यानं आपला उजवा हात समोर धरला, उलटासुलटा करून पाहिला, त्यावरचा डाग गेला का हे बघावं तसा. "म्हंजे मी खोललाच नव्हता," तो हाताला म्हणाला, मला नव्हे. त्याच्या आवाजात राग असता तर मी सोसला असता. त्यात सुटका होती, आणि ती मला ऐकवेना.

उतरताना तो वीस पावलं पुढे चालला. गेटपाशी थांबला. "एवढं लोडशेडिंग त आपल्या गावातबी नसते बे," म्हणाला. "अठ्ठावीस वर्ष लाईन बंद." मग माझ्याकडे वळला. "मले सांगतलं, कयलं मले. पन माह्या डोक्यावर कोनं ठेवलं होतं ते? बाबानं. मी सांगन त काय म्हन्तीन? पोट्टा लाह्यन्यावर ढकलून राहिला. तू सांग."

दोन दिवसांनी त्याला गाडीत बसवायला मी गेलो. बॅग मी चढवली. त्यानं खिडकीची काच उघडी ठेवली होती.

माझ्यासारखे जे गाव सोडून आले, त्यांना घर म्हणजे आईच्या हातचं जेवण, अंगण, बोली असं काहीबाही आठवतं. मलाही आठवायचं. आता घर म्हटलं की मला धुऱ्यावरचे ते दोन कॉक दिसतात, आणि त्यांतला एक अजून उघडा आहे. इथल्या बाल्कनीतून रोज ते जंगल दिसतं. जूनपर्यंत ते पाण्याची वाट पाहील, तक्रार न करता. दादानंही तेच केलं, फक्त त्याचा पाऊस माझ्या तोंडात अडकला होता.

बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं येतं. किल्ली अजून करदोड्याला आहे. फोनवर सांगण्याची ही गोष्ट नाही, तशी एकदा टाळून झाली आहे. डिसेंबरात बाग ताणावर सुटेल तेव्हा मी गावी जाणार आहे. दादासमोर, आणि त्या वेळच्या चार माणसांतले जे उरलेत त्यांच्यासमोर, बाबांच्या चांगल्या कानाशी बसून मला सांगायचं आहे की कॉक मी उघडा ठेवला होता, दादानं नाही, किल्ली त्याची आहे.

एवढं माझं देणं आहे. अजून दिलेलं नाही.