आप्पांनी दुरुस्त केलेली दोनशे घरं

माझ्या एम.फिल.च्या संशोधनातली उत्तरं माझ्या वडिलांनी बदलली. मला न विचारता, शाईच्या पेनाने आणि अत्यंत सुवाच्य अक्षरात.

ही गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी पुण्याला नाव नोंदवून आकडेवारीच्या पद्धतीने संशोधन करायला घेतलं होतं. काम साधं होतं. नाशिक रोडच्या कॉलन्यांमधली दोनशे घरं गाठायची आणि विचारायचं, घरातले निर्णय कोण घेतं? मुलांची शाळा, मुलीचं लग्न, सुट्टीत गावाला कधी जायचं, असे वीस प्रश्न. नवरा म्हणजे एक, बायको म्हणजे दोन, दोघं मिळून म्हणजे तीन. हे आकडे पुण्याला जाणार, तिथे त्यांची भोकं पाडलेली कार्डं होणार, ती खोलीएवढ्या कॉम्प्युटरच्या पोटात जाणार आणि तो सत्य सांगणार. (असं मला मनापासून वाटत होतं. मी तेवीस वर्षांची होते.)

पाच महिने मी उन्हातान्हात हिंडले. नाशिकच्या द्वारका चौकापासून देवळालीपर्यंत कुठल्या घरात किती गोड चहा मिळतो हे मला पाठ झालं. एका घरी कुत्रा चावला आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. तरी त्या घरचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी जाऊन पूर्ण केला. सांगायचं कारण, ते दोनशे फॉर्म मला जिवापेक्षा प्रिय होते.

आप्पा तेव्हा एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी इतरांच्या फायलींतल्या चुका काढल्या होत्या. आता फायली नव्हत्या, म्हणून ते वर्तमानपत्रातल्या चुका काढत आणि आईला वाचून दाखवत. त्यांची दया येऊन मी म्हणाले, "आप्पा, फॉर्मवरचे आकडे मोठ्या तक्त्यावर उतरवून द्याल का?"

"देतो की. तू निश्चिंत राहा," आप्पा म्हणाले.

मी निश्चिंत राहिले. तक्ते न बघताच पुण्याला पाठवले.

महिन्याभराने आमच्या सरांनी पुण्याला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटरमधून निघालेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कागदाची चळत होती.

"बाई," सर म्हणाले, "तुमच्या आकड्यांप्रमाणे नाशिक रोडला पुरुष राहतच नाहीत. जवळजवळ सगळीकडे दोन, दोन, दोन."

मी एस.टी.ने परत येईपर्यंत धीर धरला आणि घरात पाऊल टाकताच फॉर्मचा गठ्ठा सोडला. पहिल्याच फॉर्मवर मूळ आकडा ब्लेडने खरवडून तिथे दोन लिहिला होता. शेजारी तारीख आणि आप्पांची छोटी सही. दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्यावर नऊ ठिकाणी. खरवडण्याचं काम इतकं सफाईदार होतं, की खाली मूळ आकडा काय होता हे देवालाही सांगता आलं नसतं.

"आप्पा, हे काय केलंत?"

"दुरुस्ती," आप्पा शांतपणे म्हणाले. "तक्ता आणि मूळ कागद जुळायला हवेत ना."

"लोकांनी दिलेली उत्तरं होती ती!"

"खोटी होती. तो शेजारचा सोनवणे. म्हणे मुलांची शाळा मी ठरवली. अगं, शाळा कुठल्या गल्लीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी दाखवली."

"खोटं असलं तरी ते त्यांचं उत्तर आहे. मला ते खोटं जसंच्या तसं हवंय."

"म्हणजे खोट्यावर पदवी देतात तुमच्याकडे?"

यावर संशोधनपद्धतीच्या पुस्तकात उत्तर असणार. ते शोधायला मी थांबले नाही. डोक्यात अशी तिडीक गेली होती, की मी त्यांच्या टेबलावरचं ब्लेड घेऊन खिडकीबाहेर फेकलं आणि वर्मी लागेल असं जे जे सुचलं ते बोलले. तुम्ही माझं वर्ष खाल्लंत, म्हणाले. तुम्हाला आयुष्यभर दुसऱ्याचं काम नासवायचीच सवय, असंही म्हणाले. सगळं उघड्या खिडकीशी उभं राहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनवणे दारात. मूळचे सटाण्याकडचे, मिशा मोठ्या.

"ताई, माझं नाव ऐकलं काल. माझ्या फॉर्मवर दोन हाय म्हणे?"

मागून सोनवणेबाई आल्या. "बरोबरच आहे की ते."

"तू गप."

"हे बघा, निर्णय घेतायत," सोनवणेबाई मला म्हणाल्या.

दुपारपर्यंत अर्धी कॉलनी आमच्या पुढच्या खोलीत होती. प्रत्येक नवऱ्याला स्वतःचा फॉर्म बघायचा होता आणि प्रत्येक बायकोला नवऱ्याचा चेहरा. आप्पा खुर्चीत बसून एकेकाला कारणासहित निकाल देत होते. "कुलकर्णी, तुमचा सातवा प्रश्न मी जसाच्या तसा ठेवलाय, उगाच वाद घालू नका." एक जोडपं आमच्याच सतरंजीवर बसून भांडलं आणि निघताना दोघंही माझ्यावर चिडून गेली. शेवटी मी सगळ्यांना हाकललं. दोन आठवडे आप्पांशी एक शब्द बोलले नाही. (ते मात्र रोज विचारायचे, काही उतरवून द्यायचंय का.)

सरांनी मार्ग सांगितला. पुन्हा जा, आणि या वेळी नवऱ्याला वेगळं विचारा, बायकोला वेगळं. म्हणजे दुप्पट मुलाखती, दुप्पट चहा. कुत्राही तोच. मी दात-ओठ खात गेले. आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की एकाच घरातली दोन उत्तरं क्वचितच जुळतात आणि खरं संशोधन त्या फरकातच आहे. हे आप्पांना कळू नये म्हणून मी फार जपले.

सगळी घरं झाली, एक राहिलं. आमचं. मी आईसमोर फॉर्म ठेवला. ती चष्मा लावून जुना फॉर्म बघायला लागली. त्यावर वीसच्या वीस ठिकाणी एक होतं. कुठेही खरवडलेलं नव्हतं.

"हा कुणी भरला?"

"मीच. पहिल्या दिवशी, सरावाला म्हणून."

"मला विचारलं होतंस?"

"त्यात विचारायचं काय, आई? आपल्या घरातलं मला माहीत नाही का?"

आप्पांनी वर्तमानपत्र हळूच खाली केलं. आईने नवा फॉर्म कोराच माझ्याकडे सरकवला.

बायकांना निर्णयात कोणी विचारतं का, यावर वर्षभर दोनशे घरं पालथी घालणाऱ्या संशोधिकेने एका बाईला मुळीच विचारलं नव्हतं. शेवटी प्रबंध मंजूर झाला, एकशे नव्व्याण्णव घरांवर. विसाव्या पानाखाली बारीक टाइपात एक टीप आहे : 'एक फॉर्म बाद. कारण, उत्तरं मुलाखत घेणारीने मनाने लिहिली.'