खारगावचा ओटा

आधी आकडा सांगायचा, मग फासा टाकायचा. हे भाऊचं मी इतक्यांदा पाहिलं आहे की अजूनही कुठे स्टीलची वाटी खणकली की माझी मान वळते. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केलेला, समोर वाटी, वाटीत सापशिडीचे दोन फासे, वर झाकण म्हणून ताटली. व्हिडिओ चालू करून तो म्हणायचा, "आठ नायतर आठाच्या वर आला, तर होरी सुटली. खाली आला तर चिखलात." मग वाटी हलवायची, ताटली उचलायची आणि जे पडलं असेल ते मोबाइलला जवळून दाखवायचं. वाईट पडलं की आमच्या विनवण्या सुरू व्हायच्या. भाऊ, एकदाच. भाऊ, परत टाका ना. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"परला तो परला."

त्याच्या आगरी घरात 'ड'चा 'र' होतो; पडलाचा परला, होडीची होरी. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनातल्या मनात लाल पेन उचललं होतं. पुढे मीही तसंच म्हणायला लागले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा खेळ ठाऊक नसेल, म्हणून सांगते. फासा सोडला तर यात चित्र नाही, आवाज नाही, नुसतं लिहायचं. मोबाइलवर एक ग्रुप, त्यात प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. एकजण खेळ चालवतो. गाव त्याचं, पाऊसपाणी त्याचं, भरती-ओहोटी त्याची. आपण लिहायचं की माझ्या माणसाने असं केलं, आणि चालवणाऱ्याने लिहायचं की मग असं झालं. आमच्या गावाचं नाव खारगाव. खाडीकाठी, मिठागरांचं. मी तिथे भिकू नावाची होडीचोर होते. जन्मभर मुलांना वर्गातला खडू घरी नेऊ दिला नाही, आणि म्हातारपणी बारा गावच्या होड्या पळवल्या. मला फार मजा यायची.

भाऊला पाहिलंत तर हा माणूस असलं काही करत असेल असं तुम्हाला वाटलं नसतं. गळ्यात जाड साखळी, पांढरे बूट, पोट सुटलेलं. मानपाड्याला आमची इमारत उभी आहे ती त्याच्या आजोबांच्या भातशेतीवर. इमारतीतले लोक पाठीमागे म्हणायचे, "जमिनी विकून बसलेत, यांना काय काम?" समोर मात्र भाऊ, भाऊ. कारण पाणी त्याच्या हातात होतं. टाकीचा व्हॉल्व तो स्वतः फिरवायचा. ए विंगला जेवढा वेळ, बी विंगलाही तेवढाच. त्याचं स्वतःचं घर बी विंगमध्ये. एकदा त्याच्याकडे साखरपुडा होता, पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि बायको खिडकीतून ओरडत होती की अजून थोडं राहू दे. याने वेळ झाली तसा व्हॉल्व बंद केला आणि स्वतः टँकरवाल्याला फोन लावला.

पूर्वी त्याचं सायबर कॅफे होतं. तिथे येणारी कॉलेजची मुलं असला लिहायचा खेळ इंग्रजीत खेळायची, त्यांच्या मागे उभा राहून तो शिकला. कॅफे बंद पडलं, खेळ डोक्यात राहिला. सगळे घरात कोंडले गेले होते तेव्हा त्याने इमारतीतल्या आणि ओळखीच्या लोकांना गोळा करून खारगाव सुरू केलं.

चालवायचा कसा ते सांगितलं पाहिजे, कारण नंतर ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांना हेच कधी दिसलं नाही. कोणाच्या तोंडात तो शब्द घालायचा नाही. "तू काय केलास ते तू सांग. काय झाला ते मी सांगन." ग्रुपवर दोघे-तिघे बडबडे असतातच. त्यांचं दोनदा लिहून झालं की तो त्यांना थांबवायचा आणि जो गप्प बसलाय त्याच्या दारात काहीतरी नेऊन ठेवायचा. कोणाच्या अंगणात परकं वल्हं सापडायचं, कोणाच्या विहिरीला खारं पाणी लागायचं. मग गप्प बसणाऱ्यालाही लिहावं लागायचं. आणि ऐन रंगात आलं की थांबायचा. "आता जेवा," म्हणायचा. आम्ही चडफडत जेवायला उठायचो आणि जेवताना खारगावचाच विचार करायचो.

सगळ्यांत मोठा नियम ओट्याचा. ज्याला काही कारणाने खेळायला येता येणार नाही, त्याचा माणूस गावदेवीच्या ओट्यावर बसणार. तो बसला की त्याला कोणी मारायचं नाही, लुटायचं नाही, त्याच्या नावाने काही करायचं नाही. हा नियम त्याने पुस्तकातून काढला नव्हता. त्यांच्या गावात पूर्वी भांडण कितीही पेटलं तरी गावदेवीच्या ओट्यावर जाऊन बसलेल्याला हात लावत नसत, असं तो सांगायचा. "जो नाय त्याच्यावर डाव टाकायचा नाय, बाई. त्याच्यात कसली मर्दानगी?"

आमच्यात निनाद नावाचा एक मुलगा होता. मुलगा म्हणजे पस्तिशीचा. आधी ए विंगमध्ये राहायचा, मग ठाण्याला मोठ्या टॉवरमध्ये गेला. कंपनीत वीसेक माणसं हाताखाली. बाकी आम्ही कोळी, मिठागरी, वाणी असे साधे लोक झालो होतो. हा पहिल्याच दिवशी रणधीर नावाने दोन तलवारी घेऊन आला.

"दोन तलवारी घेऊन चिखलात उतरशील तर रुतशील," भाऊने लिहिलं.

"रणधीर रुतत नाही," निनादने उत्तर दिलं.

आकडा सांगितला, वाटी हलली, ताटली उठली. रणधीर मांडीपर्यंत रुतला आणि एक तलवार गेली. आम्ही सगळे पोट धरून हसलो. निनाद हसला नाही. तलवार परत मिळावी म्हणून त्याने कितीतरी दिवस तगादा लावला होता. मी अशी मुलं वर्गात पुष्कळ पाहिली आहेत. एक मार्क कमी पडला की त्यांचे वडील शाळेत येतात.

आणि आमच्यात वैशाली होती. पूर्वी भाऊच्याच चाळीतल्या खोलीत भाडेकरू, नंतर भाडं परवडेना म्हणून दिव्याला गेलेली. ठाण्याला कपड्यांच्या दुकानात बिलिंगला बसायची आणि जेवणाच्या सुट्टीत खेळायची. खारगावात ती चंद्रा. चंद्राकडे उघाडी होती. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं की अडवायचं ते ज्या दारावर ठरतं, ती उघाडी. त्या दाराच्या कुलपाची चावी तिच्याकडे, म्हणजे सगळ्या गावाचं मीठ तिच्या हातात. ती कमी लिहायची, पण लिहिलं की सगळे थांबून वाचायचे.

तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. तिने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "चंद्रा ओट्यावर बसते." भाऊने उत्तर दिलं, "बस. चावी तुझ्याकरंच ठेव."

झालं, उघाडी बंद. नेमकी तेव्हाच गोष्टीत मोठी भरती यायची होती. भाऊने भरती थांबवून ठेवली. आम्हाला दुसरी कामं दिली, मला तर एक अख्खा मचवा चोरायला दिला. पण निनादला दम निघेना.

"भाऊ, लोक बोअर होतायत यार. एका प्लेअरसाठी सगळी स्टोरी अडकून बसलीय. चंद्राला साइडला कर ना. चावी रणधीरला दे."

"ती ओट्यावर हाय."

"पण रिअलमध्ये बघ ना, ती कधी येईल काय माहीत? येईल की नाही तेपण..."

एवढं लिहून त्याने पुढे टिंबं टाकली. सगळ्यांनी वाचलं. एकाने तरी त्याला झापावं की नाही? मी झापलं, तर मला सांगण्यात आलं की मॅडम, इट्स जस्ट अ गेम.

चार दिवसांत निनादने नवा ग्रुप काढला. तिथे फासा नाही. ज्याच्या लिहिण्याला जास्त अंगठे, त्याचं खरं. ज्याला जास्त लोक वाखाणतील तो पुढे. कोणी हरतच नाही, मग कोणी कंटाळेल कशाला? आमच्यातले जवळजवळ सगळे उठून तिकडे गेले. जाताना कोणी सांगितलंही नाही. निनादने सरसकट सगळ्यांचे नंबर टाकले होते, म्हणून मी आणि वैशालीही त्या ग्रुपात होतो.

तिथे पहिल्याच दिवशी त्याने भरती आणली. लाटेने गावदेवीचा ओटा वाहून नेला. चंद्राने मरता मरता चावी रणधीरच्या हातात दिली, असं त्याने मोठ्या अलंकारिक भाषेत लिहिलं. दोन्ही तलवारी रणधीरच्या कमरेला परत आल्या होत्या, तेही मी पाहिलं. खाली रडणारी तोंडं, जोडलेले हात, भावपूर्ण श्रद्धांजली, चंद्रा अमर रहे. माझ्या शेजारणीने तर समईचं चित्र टाकलं.

वैशालीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आवाज अगदी बारीक.

"बाई, मी शुद्धीवर आले, नवऱ्याने मोबाइल हातात दिला, तर सगळे मला श्रद्धांजली वाहतायत."

"अगं, ती चंद्राला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ते कळलं हो. पण बाई, मी कुठे होते ते त्यांना माहीत होतं ना?"

आयुष्यभर मुलांना सहृदय या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, आणि माझ्याच इमारतीत असली माणसं राहतात.

मी खाली जाऊन भाऊला सांगितलं. तो व्हॉल्वपाशी उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, बी विंगचं पाणी सोडलं आणि पंच्याने हात पुसले. ओस पडलेल्या जुन्या ग्रुपवर संध्याकाळी त्याचा मेसेज आला.

"चंद्रा, भरती येते. काय करतंस?"

मग तिचं उत्तर आलं, "मी तर बुडले ना भाऊ."

"तिकरं बुडलीस. इकरं बसलीस. तुला कोनी हात लावला नाय."

मग तिने लिहिलं, "चंद्रा ओट्यावरून उठते. उघाडी उघडायला जाते."

आकडा सांगितला गेला. सात नायतर सातच्या वर, तर दार उघडलं; खाली आला तर बांध गेला. वाटी हलली. ताटली उठली. एक आणि तीन.

मला राहवेना. "भाऊ, एकदा परत टाका. पोर आजारातून उठली आहे."

"बाई, परला तो परला."

मला त्याचा असा राग आला की फोन फेकावासा वाटला. दगड आहे हा माणूस, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. तेवढ्यात वैशालीने लिहिलं.

"राहू द्या बाई. घरात सगळे रिपोर्ट लपवतात. सासूबाई आवाज बदलून बोलतात. मी पत्त्यात पण जिंकायला लागलेय. इथे तरी मला नीट हरू द्या."

दगड नव्हताच तो. वैशालीला काय हवं आहे हे आमच्या सगळ्यांत त्याला एकट्याला कळलं होतं. आणि त्याने तिला नुसतं हरवून सोडलं नाही. थोड्या वेळाने त्याने लिहिलं, "बांध गेला. मीठ गेला. पानी आत, पान्यासोबत मासे आत. चंद्रा, घरात जाला हाय का?"

तिने लिहिलं, "जाळं आहे." भिकूने होडी दिली, अर्थात चोरलेली. आम्ही दोघी मिठागरात मासे धरायला उतरलो. पुढचे कित्येक महिने खारगाव आम्हा तिघांचं होतं, आणि ते आधीपेक्षा चांगलं चाललं होतं, हे मी कोणालाही लिहून द्यायला तयार आहे.

मग एका सकाळी पाणी आलं नाही. इमारतीच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. पाणी का नाही? भाऊ झोपलेत का? हा काय कारभार आहे? मेंटेनन्स कशाचा घेता? असे पंधरा-वीस तरी झाले असतील. मग बी विंगमधून कोणीतरी लिहिलं की भाऊ पहाटेच गेले, हार्ट अटॅक. लगेच त्याच बोटांनी जोडलेले हात पाठवले. आधीचे मेसेज खोडायचं काहींना सुचलं, काहींना तेही सुचलं नाही.

निनादने आपल्या ग्रुपवर त्याचा फोटो लावला. लेजेंड, मेंटॉर, ज्यांच्याकडून सगळं शिकलो. त्याच्या नावाने स्पर्धा ठेवली, जास्त अंगठे त्याला बक्षीस. मला फोन करून म्हणाला, "मॅडम, भाऊंची ती वाटी मिळेल का? लाइव्हमध्ये मागे ठेवली असती. खूप इमोशनल होईल."

मी आदल्याच दिवशी भाऊच्या बायकोला भेटून आले होते. वाटी तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होती. बिचारीला त्या वाटीचं काही ठाऊक नव्हतं.

"तिच्यात चिंच भिजत घातली आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

वैशाली आता कामावर जाते. परवा तिने विचारलं, "बाई, फासा कोण टाकणार?" मी टाकू शकत नाही. मला दया येते, आणि दया येणाऱ्याने वाटीला हात लावू नये, एवढं मी त्याच्याकडून शिकले. म्हणून मी जुन्या ग्रुपवर लिहिलं, "भाऊ ओट्यावर बसले आहेत. खेळ थांबला आहे. कोणी हात लावायचा नाही."

क्षणात त्यावर लाल बदाम आला. निनादचा. तो जुन्या ग्रुपातून कधी बाहेर पडलाच नव्हता. जे सोडून गेले त्यांना भाऊने काढलं नव्हतं, त्यांची माणसंही ओट्यावर नेऊन बसवली होती, रणधीरसकट. परत आले तर असावीत म्हणून.

त्याला काढून टाकावं म्हणून मी रागाने इकडे तिकडे बटणं दाबून पाहिली. ते मला करता येत नाही. ग्रुपचा अॅडमिन एकटा भाऊच आहे. लाल बदाम अजून तसाच आहे.